निरोधकाची पारख

प्रयोगशाळेत उपयोगात येणाऱ्या एखाद्या रासायनिक संयुगाचे मोल कशावरून ठरवावे, असा प्रश्न कोणी केला तर मनात प्रथम त्या संयुगाच्या सामर्थ्याचा विचार येतो. किती अल्प मात्रेत ते परिणाम घडवते, किती त्वरेने पेशीची वाढ थांबवते, किती निश्चितपणे रोगग्रस्त पेशीचा नाश करते, या गोष्टी मोजता येतात आणि मोजलेल्या गोष्टींचा ठसाही मनावर लवकर उमटतो. तथापि गेल्या अर्धशतकात जीवरसायनशास्त्राच्या हाती जी मौल्यवान साधने आली, त्यांतील एका मोठ्या वर्गाच्या बाबतीत, म्हणजे कायनेज नावाच्या विकरांना अडवणाऱ्या निवडक निरोधकांच्या बाबतीत, ही पारख अपुरी ठरते. अशा संयुगाने आपले लक्ष्य अडवले हे जितके महत्त्वाचे, तितकेच महत्त्वाचे हे की, त्याच पेशीत शेजारी नांदणाऱ्या शेकडो समानधर्मी विकरांपैकी कोणाला त्याने हात लावला आणि कोणाला लावला नाही, हे कोणीतरी श्रमपूर्वक तपासून ठेवलेले असावे. या तपासाची कथा सांगण्यासाठी केवळ परदेशाकडे पाहावे लागत नाही. तिचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या मुलुंड उपनगरात घडले, आणि त्या प्रकरणाच्या आरंभी ज्या वृक्षाची साल आहे तो वृक्ष, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडच्या शिवारात ज्याची सावली सर्वांच्या परिचयाची आहे, त्या कडुनिंबाच्याच कुळातला आहे.

प्रथम कायनेज म्हणजे काय ते पाहू. सजीवाची पेशी आपला सारा कारभार प्रथिनांच्या साहाय्याने चालवते. परंतु प्रथिन घडले म्हणजे ते लगेच कामाला लागले, असे होत नाही. त्याला कामास जुंपण्यासाठी, थांबवण्यासाठी, एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी धाडण्यासाठी किंवा मोडीत काढण्यासाठी त्याच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा एक लहानसा गट जोडला जातो, आणि हा गट जोडण्याचे काम जी विकरे करतात त्यांना कायनेज म्हणतात. निजामाच्या अमलात मराठवाड्यातील तहसील कचेरीत एखादा कागद कितीही सुवाच्य लिहिलेला असला तरी अंमलदाराची मोहोर उमटेपर्यंत त्याला हुकमाचे स्वरूप येत नसे, आणि मोहोर उमटली की तोच कागद गावोगावच्या पाटील-कुळकर्ण्यांना हलवीत असे; पेशीतील फॉस्फेटचा गट ही तशीच मोहोर होय आणि कायनेज हा ती उमटवणारा अंमलदार होय. फॉस्फेटचा पुरवठा एटीपी या रेणूकडून होतो. एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट कायनेज उचलते आणि लक्ष्यभूत प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांपैकी एकावर तो बसवते; पुढे फॉस्फेटेज नावाची दुसरी विकरे तो काढूनही टाकतात, आणि अशा रीतीने बसवणे व काढणे हा दुहेरी व्यवहार पेशीत अहोरात्र चालू राहतो.

या व्यवहाराचा पहिला स्पष्ट पुरावा अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात, स्नायूंतील साखरेचा साठा मोकळा करणाऱ्या एका विकराचा अभ्यास करताना मिळवला. आरंभी ती स्नायूपुरती एक विशेष घटना वाटली. पुढे मात्र पेशीची वाढ, तिचे विभाजन, बाहेरून येणाऱ्या संप्रेरकांना तिने दिलेला प्रतिसाद आणि तिचा मृत्यू, या सर्वांच्या मुळाशी हीच यंत्रणा आहे असे दिसून आले, आणि १९९२ साली या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. २००२ साली मानवी जनुकसंचयाची छाननी करून प्रथिन-कायनेजांची जी सूची प्रसिद्ध झाली तीत ५१८ नावे होती. कर्करोगाच्या कितीतरी प्रकारांत यांपैकी एखादे कायनेज बेबंद होऊन थांबण्याची सूचना जुमानीत नाही, हे जसजसे उघड होत गेले तसतशी त्याला अडवणाऱ्या संयुगांची गरजही वाढत गेली.

अडचण अशी की, या पाचशेहून अधिक विकरांत एटीपी बसण्याची जी खोबण असते ती बहुतेक सर्वांत एकाच धाटणीची असते, कारण सर्वांनाच एकच रेणू पकडावयाचा असतो. त्या खोबणीत नेमके बसणारे, एटीपीला मज्जाव करणारे संयुग शोधणे हे त्यामानाने सोपे; परंतु एकाच कायनेजच्या खोबणीत बसेल आणि इतरांच्या खोबणीत बसणार नाही असे संयुग घडवणे हे अत्यंत दुष्कर. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांच्या गटाने १९७७ साली मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या सूक्ष्मजीवापासून स्टॉरोस्पोरीन हे संयुग वेगळे केले. १९८६ मध्ये ते प्रथिन-कायनेज ‘सी’चा प्रभावी निरोधक असल्याचे आढळले, तेव्हा त्याविषयी मोठी आशा निर्माण झाली, पण अधिक विकरांवर परीक्षा घेतली तेव्हा ते जवळजवळ ज्याच्या त्याच्या खोबणीत शिरते असे निष्पन्न झाले. सामर्थ्याच्या दृष्टीने ते अव्वल होते, परंतु ‘या पेशीतील ही घटना अमुक कायनेजमुळे घडते’ असे विधान त्याच्या साक्षीवर करणे अशक्य होते. निवडकपणाचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे असा ठळकपणे उभा राहिला.

आता मुलुंडकडे वळू. होएक्स्ट या जर्मन कंपनीचे एक मोठे संशोधन केंद्र तेथे होते आणि भारतीय वनस्पतींपासून औषधी द्रव्ये शोधण्याचा उद्योग तेथील रसायनशास्त्रज्ञ व औषधशास्त्रज्ञ मिळून चिकाटीने करीत होते. त्यांची पद्धत अशी की, वनस्पतीचा अर्क काढावा, प्राण्यांवर त्याचा परिणाम पाहावा, परिणाम दिसल्यास अर्काचे पृथक्करण करीत करीत त्यातील कर्त्या रेणूपर्यंत पोचावे आणि मग त्याची रचना निश्चित करावी. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांचे सहकारी यांनी याच मार्गाने १९७७ साली, तुळशीच्या कुळातील कोलियस फोर्सकोली या वनस्पतीच्या मुळांतून मिळालेल्या फोर्सकोलिन या संयुगाची रचना प्रसिद्ध केली. ते रक्तदाब उतरवणारे द्रव्य म्हणून पुढे आले होते. परंतु १९८१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, ते पेशीतील अ‍ॅडिनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देते. त्या चालनेमुळे चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढते आणि चक्रीय एएमपी प्रथिन-कायनेज ‘ए’ला जागे करते. तेव्हापासून आजतागायत, ही साखळी पेशीत हुकमी चालू करावयाची असेल तर जगभरच्या प्रयोगशाळांत फोर्सकोलिनचीच कुपी उघडली जाते. एका कायनेजला जागे करण्याचे साधन मुलुंडने असे दिले. कायनेजांना निजवण्याचे साधन त्याच केंद्रातून दहाएक वर्षांनी यावयाचे होते.

त्या दुसऱ्या साधनाचे मूळ रोहितुकीन नावाच्या अल्कलॉइडात आहे. १९७९ साली अमेरिकेत अमूरा रोहितुका या वृक्षातून ते प्रथम वेगळे करून त्याची रचना निश्चित करण्यात आली होती. मुलुंडच्या गटाला तेच द्रव्य डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षाच्या खोडाच्या सालीत सापडले. हे दोन्ही वृक्ष मेलिएसी म्हणजे निंबकुळातले. दुसरा पश्चिम घाटाच्या दमट अरण्यात वाढतो, आणि अवर्षणाची सवय असलेल्या आमच्या कडुनिंबाशी त्याचे नाते असले तरी दिंद्रुडच्या कोरड्या हवेत तो सहसा दिसावयाचा नाही. १९८८ साली आर. जी. नाईक आणि सहकाऱ्यांनी या द्रव्याचे निष्कर्षण, त्याची रचना आणि प्रयोगशाळेत केलेले त्याचे संपूर्ण संश्लेषण यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या वृत्तान्तात त्याचे वर्णन दाह शमवणारे आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीवर प्रभाव टाकणारे द्रव्य असे आहे. कायनेजचा त्यात उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण हे द्रव्य कोणत्या विकराला अडवते हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानात आलेले नव्हते.

निसर्गाने दिलेला रेणू जसाच्या तसा स्वीकारून रसायनशास्त्रज्ञ स्वस्थ बसत नाही. रोहितुकीनच्या सांगाड्यात एका जागी मिथिल हा लहानसा गट आहे. त्याच्या जागी क्लोरीनयुक्त फिनाइलचे वलय बसवले असता जे नवे संयुग मिळाले त्याची परिणामकारकता मूळ द्रव्याहून कितीतरी अधिक निघाली. हेच फ्लेव्होपिरिडॉल होय. पुढे त्याला अ‍ल्व्होसिडिब असे औषधी नाव मिळाले. मुलुंड, जर्मनीतील होएक्स्टच्या प्रयोगशाळा आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या सहकार्याने त्याचा अभ्यास सुरू झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, हे संयुग कर्करोगाच्या पेशींचे विभाजनचक्र मध्येच थांबवते आणि ते काढून घेतल्यास चक्र पुन्हा सुरू होऊ शकते, असे नमूद झाले. १९९४ मध्ये त्याचे कारण सापडले: पेशीविभाजनाच्या पायऱ्या नियंत्रित करणाऱ्या सायक्लिन-अवलंबी कायनेजांना, ज्यांना संक्षेपाने सीडीके म्हणतात, ते अडवते. त्याच वर्षी माणसांवरील चाचण्यांस प्रारंभ झाला आणि सीडीके-निरोधकांच्या संपूर्ण वर्गात रुग्णापर्यंत पोचलेले हे पहिले संयुग ठरले. १९९६ साली बर्कली येथील गटाने त्याच्या एका निकटच्या भावंडाची, क्लोरीनविरहित रूपाची, सीडीके-२ च्या स्फटिकातील स्थिती क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवली. तो रेणू एटीपीच्या खोबणीत ठाण मांडून बसलेला स्पष्ट दिसला. सीडीकेंचे ज्ञान ज्यांच्या मूलभूत कार्यावर उभे आहे त्या हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून या क्षेत्राचे महत्त्व ध्यानात येईल.

येथपर्यंतची कथा सरळ चढणीची आहे. यापुढे मात्र निवडकपणाची खरी कसोटी लागली. फ्लेव्होपिरिडॉल सीडीके-१, सीडीके-२ आणि सीडीके-४ या विभाजनाशी संबंधित कायनेजांना अडवते, हे खरे. परंतु २००० साली असे आढळले की, त्याचा सर्वांत तीव्र परिणाम सीडीके-९ वर होतो. सीडीके-९ चे मुख्य कार्य पेशीविभाजनाशी निगडित नाही. जनुकांतील मजकुराची आरएनएच्या रूपाने नक्कल उतरवणारे यंत्र मध्येच न अडखळता पुढे सरकावे, ही व्यवस्था ते पाहते. ते अडले की आरएनएची निर्मिती खुंटते आणि ज्या प्रथिनांचे आयुष्य मुळातच अल्प असते, त्यांचा साठा काही तासांत संपतो. कित्येक रक्तकर्करोगांच्या पेशी ज्याच्या आधारावर तग धरून असतात ते एमसीएल-१ हे प्रथिन त्यांपैकीच एक. अर्थात पेशी मेली ती विभाजन थांबल्यामुळे की नक्कल थांबल्यामुळे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि आधीच्या अनेक प्रयोगांचे अर्थ पुन्हा तपासून पाहणे भाग पडले. यातून एक लाभही झाला. आरएनएचे लेखन ठरावीक क्षणी थांबवून आधी तयार झालेले आरएनए किती वेळ टिकते हे मोजण्यासाठी फ्लेव्होपिरिडॉल हे आज प्रयोगशाळेतील एक रूढ साधन झाले आहे. संयुग तेच राहिले. त्याच्या मर्यादा कळल्या तेव्हा त्याचा योग्य उपयोगही कळला.

रुग्णालयातील अनुभवही असाच बोधप्रद आहे. आरंभीच्या चाचण्यांत हे औषध सलग ७२ तास शिरेवाटे दिले जाई आणि प्रयोगशाळेतील निष्कर्षांच्या मानाने फळ फारच अल्प मिळे. कारणाचा शोध घेता असे दिसले की, प्रयोगशाळेत पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढवल्या जात आणि त्या द्रवातील प्रथिनांना हे संयुग जितके चिकटे, त्याहून मानवी रक्तद्रवातील प्रथिनांना ते पुष्कळच अधिक चिकटत असे; परिणामी रुग्णाच्या शरीरात मोकळे, कार्यक्षम औषध अपेक्षेहून कमी उरे. ओहायो स्टेट विद्यापीठातील वैद्यांनी हे ध्यानात घेऊन प्रथम अर्धा तास जलद आणि नंतर चार तास संथ अशी नवी पद्धत योजली, आणि जीर्ण लिम्फॉइड रक्तकर्करोगाच्या रुग्णांत तिचा परिणाम इतका प्रखर झाला की, एकाच वेळी मरणाऱ्या असंख्य पेशींतील द्रव्ये रक्तात लोटल्याने होणारा उपद्रव सांभाळणे हीच मोठी जबाबदारी होऊन बसली. परीक्षानळीतील आकडा आणि शरीरातील सत्य यांच्यामध्ये किती गोष्टी उभ्या असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळाच मिळेल. एवढे सारे होऊनही अ‍ल्व्होसिडिब सर्वसाधारण वापराच्या परवान्यापर्यंत पोचले नाही.

मुलुंडचा वारसा मात्र तेथे संपला नाही. ते केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल या मुंबईच्या कंपनीकडे आले आणि तेथील संशोधकांनी त्याच सांगाड्यात आणखी फेरफार केले. सहा अणूंच्या नत्रयुक्त वलयाच्या जागी पाच अणूंचे वलय बसवून त्यांनी पी-२७६-०० हे संयुग घडवले आणि २००७ मध्ये त्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच कुळातील व्होरुसिक्लिब हे पोटातून देता येणारे संयुग पुढे परदेशी कंपनीच्या हाती चाचण्यांसाठी गेले. जम्मू येथील भारतीय एकात्मिक औषध संस्थेनेही रोहितुकीनपासून नवे सीडीके-निरोधक घडवले आहेत. याच काळात अमेरिकेत दुसऱ्या वाटेने निघालेले पाल्बोसिक्लिब हे संयुग सीडीके-४ आणि सीडीके-६ या दोहोंपुरतेच मर्यादित राहते, सीडीके-९ ला वस्तुतः हात लावीत नाही. आणि २०१५ साली स्तनाच्या कर्करोगासाठी तेथे मान्यता मिळवणारे पहिले सीडीके-निरोधक तेच ठरले. फ्लेव्होपिरिडॉल आणि पाल्बोसिक्लिब यांच्या नशिबातील हा फरक मुख्यत्वे निवडकपणाचा फरक आहे.

निवडकपणाचा लाभ दिंद्रुडसारख्या गावापर्यंत कसा येऊन पोचतो हे पाहावयाचे असेल तर इमॅटिनिबकडे पाहावे. जीर्ण मायलॉइड रक्तकर्करोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बीसीआर-एबीएल नावाचे एक विपरीत कायनेज जन्मास येते. इमॅटिनिब त्या कायनेजच्या निष्क्रिय अवस्थेतील विशिष्ट आकारात जाऊन बसते आणि बहुसंख्य इतर कायनेजांना मोकळे सोडते. २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि जो रोग बहुतेकांचा काही वर्षांत जीव घेत असे तो रोज घ्यावयाच्या गोळीने आटोक्यात राहू लागला. भारतात त्याच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मिळावे असा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ लावणारा हा निर्णय न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाचा. मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये पडत असताना भारतीय कंपन्यांच्या गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी खर्चात मिळत होत्या. जो शेतकरी वा ऊसतोड कामगार तपासणीसाठी दिंद्रुडहून अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि तेथून पुढे संभाजीनगरला वा मुंबईला जातो, त्याच्या दृष्टीने हा फरक जगण्यामरण्याचा असतो.

परंतु इमॅटिनिबही केवळ एकाच कायनेजला अडवते असे नाही. केआयटी आणि पीडीजीएफआर ही दोन कायनेजेही त्याच्या कक्षेत येतात, आणि हे ठाऊक होते म्हणूनच जठर व आतड्याच्या एका दुर्मीळ अर्बुदावर ते वापरता आले. यावरून निवडकपणाचा नेमका अर्थ ध्यानात येतो. संपूर्ण एकनिष्ठ असे संयुग क्वचितच असते; पण ज्याच्या परिणामकक्षेची नोंद दफ्तरी आहे ते संयुग विश्वासार्ह, आणि ज्याची नोंद नाही ते कितीही प्रभावी असले तरी संशयास्पद. स्कॉटलंडमधील डंडी येथील गटाने २००० साली, निवडक म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या २८ निरोधकांची अनेक कायनेजांवर एकत्र परीक्षा घेतली आणि त्यांतील कित्येक संयुगे जाहीर लक्ष्याखेरीज इतरांनाही तितक्याच जोराने अडवतात असे दाखवले. त्या संयुगांच्या आधारे तोवर लिहिले गेलेले कितीतरी निबंध त्यामुळे शंकास्पद ठरले.

अशा अनुभवांतून आता काही निकष सर्वमान्य झाले आहेत. रासायनिक शोधक म्हणून वापरावयाच्या संयुगाने आपल्या लक्ष्याला शंभर नॅनोमोलारच्या आतील प्रमाणात अडवावे, निकटच्या इतर प्रथिनांहून त्या लक्ष्यावर त्याचा प्रभाव किमान तीसपट असावा आणि जिवंत पेशीत एक मायक्रोमोलारच्या आसपास वा त्याहून कमी मात्रेत तो दिसावा, अशी अपेक्षा असते. पेशीत एटीपीचे प्रमाण परीक्षानळीतील प्रयोगात सामान्यतः असते त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे तेथे निरोधकाला अधिक झगडावे लागते, याचाही हिशेब ठेवावा लागतो. म्हणून जाणता संशोधक एकाच संयुगाच्या साक्षीवर निर्णय देत नाही. रचनेने अगदी भिन्न असलेले दुसरे निरोधक तो त्याच प्रयोगात वापरून पाहतो; जवळपास तशाच बांध्याचे, परंतु निष्क्रिय असलेले भावंड शेजारी ठेवतो; आणि शक्य असेल तेव्हा कायनेजच्या खोबणीत जनुकीय बदल करून त्या बदललेल्या कायनेजपुढे संयुग निष्प्रभ ठरते का, हे पाहतो. या तीन साक्षी जुळल्या म्हणजेच आरोप सिद्ध झाला असे मानावे. मात्रा वाढवीत गेल्यास कोणतेही निवडक संयुग अखेर अनिवडक होते, ही गोष्टही त्याला क्षणभर विसरता येत नाही.

मराठवाड्यातून आज शेकडो मुलेमुली औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात वा खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांच्यापैकी कोणाच्या हाती अशी एखादी कुपी येईलही. ‘केवळ संशोधनासाठी, मानवी उपयोगासाठी नाही’ असे तिच्यावर लिहिलेले असते. त्या ओळीचा अर्थ असा की, या द्रव्याची शुद्धता आणि परिणाम प्रयोगापुरते तपासलेले आहेत, परंतु माणसाच्या यकृतात त्याचे काय होते, हृदयावर काय ताण येतो, किती मात्रा सोसवते, याची चौकशी झालेलीच असेल असे नाही; यास्तव पेशींवर सुंदर परिणाम दिसला म्हणून त्या द्रव्याला औषध म्हणणे, किंवा अगतिक रुग्णाला त्याची आशा दाखवणे, हा शास्त्राविरुद्ध आणि रुग्णाविरुद्धही अपराध होय. कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याच्या ज्या वार्ता वरचेवर कानी येतात, त्या प्रत्येक वेळी गावातल्या सुशिक्षितांनी विचारावयाचा प्रश्नही हाच आहे: परिणाम कोठे दिसला, पेशीत, प्राण्यात की माणसात; आणि आणखी कशाकशावर होतो हे तपासले आहे काय?

सालीतून रोहितुकीन वेगळे करणाऱ्या मुलुंडच्या संशोधकांना सीडीके-९ ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नसल्याचा कमीपणाही त्यांच्याकडे जात नाही. त्यांनी जे पाहिले ते काटेकोरपणे नोंदवले, रेणूची रचना निर्विवाद सिद्ध केली आणि त्याचे संश्लेषण करून पुढच्यांच्या हाती तो सोपवला. म्हणूनच अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था, बर्कली आणि ओहायो येथील मंडळींना त्यावर आपले काम उभारता आले, त्याचे गुण आणि दोष दोन्ही उघड करता आले, आणि त्या दोषांच्या ज्ञानातूनच अधिक निवडक संयुगांची दिशा सापडली. ज्ञानाच्या या क्षेत्रात यशाइतकीच मर्यादेची प्रामाणिक नोंद उपयोगी पडते. पुढच्या पिढीतील मराठी संशोधकाने आपल्या वहीत ‘हे संयुग येथे चालत नाही’ असे एक वाक्य पुराव्यानिशी लिहिले तरी एखाद्या अनोळखी प्रयोगशाळेची वर्षे आणि एखाद्या रुग्णाचा जीव वाचू शकतो. आणि तसे वाक्य लिहिण्याचे धैर्य व सवय ज्याला लागली, निरोधकाची पारख त्यालाच साधली असे म्हणावे.